खालच्या खणातलं पुडिंग

रंग वाळला की नाही हे मास्तर तळहातानं कधी बघत नसत. उजव्या हाताची करंगळी वाकवायची, तिची मागची बाजू कापडाला जेमतेम टेकवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अजून नाही." बोटांची पुढची कातडी कामानं मेलेली असते, तिला काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मागची बाजू खोटं बोलत नाही.

ही करंगळी ते कुठंही टेकवत. चहाच्या ग्लासाला, सायकलच्या उन्हात तापलेल्या सीटला, शेजारच्या तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला. सुरतेच्या डिंडोली भागात आमच्या सोसायटीसमोर नवा डांबरी रस्ता झाला तेव्हा उद्घाटनाला आलेली मंडळी भाषण करत होती, आणि मास्तर मागे उकिडवे बसून रस्त्याला करंगळी लावत होते. "अजून नाही," ते मला म्हणाले. दोन दिवसांनी पहिला टेम्पो तिथंच रुतला.

सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही तेच म्हणतो. नाव लिहीत नाही. त्यांच्या मुलांना न विचारता ते छापण्याचा हक्क मला नाही, आणि विचारायला जायचं तर आधी बरंच काही सांगावं लागेल.

आम्ही सुरतेत एकाच मिलमध्ये होतो. ते टेबल प्रिंटिंगला, मी फोल्डिंगचा सुपरवायझर. टेबल प्रिंटिंग म्हणजे लांबलचक टेबलावर साडी चिकटवायची आणि जाळीच्या चौकटीतून एकेक रंग तिच्यावर उतरवत न्यायचा. एक रंग वाळल्याशिवाय दुसरा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच पाळायचं नसतं. दिवाळीच्या आधी गिऱ्हाईक बाहेर ताटकळलं, तेव्हा शेठ स्वतः टेबलापाशी येऊन ओरडले होते, "मास्टर, पार्टी बहार ऊभी छे!" मास्तरांनी करंगळी टेकवली. "पार्टीला बसायला खुर्ची द्या शेठ. अजून नाही." शेठ चिडून शेजारच्या टेबलाकडे गेले आणि तिथं घाई करवली. त्या टेबलावरचा पिवळा मरूनमध्ये असा मिसळला की सगळा लॉट वाया गेला. मास्तर हसले नाहीत. जेवायच्या सुट्टीत ते त्या खराब साड्या बघत उभे होते. "बिचाऱ्या," एवढंच म्हणाले. साड्यांना.

हा माणूस घरी पुडिंग करत असे, हे मला फार उशिरा कळलं. कळलं ते आमच्या फ्रिजमुळं.

आमच्या सोसायटीत पहिला फ्रिज माझ्याकडे आला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणं तो आम्ही स्वयंपाकघरात न ठेवता बाहेरच्या खोलीत, दारातून दिसेल असा ठेवला होता. त्यावर क्रोशाचं झाकण, झाकणावर प्लॅस्टिकच्या फळांची टोपली. मास्तर मागच्या गल्लीत राहत. एके दिवशी मिलमधून बरोबर येताना त्यांनी बिचकत विचारलं, "आप्पा, फ्रिजमधला एक खण मिळेल का? चार-पाच दिवसांसाठी. भीमजयंतीला पुडिंग करायचंय."

मी बायकोला विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हळूच अहिराणीत एवढंच म्हणाली, "मझार नको." मझार म्हणजे आत. फ्रिज बाहेरच होता, तेव्हा अडचण आली नाही. खालचा खण त्यांना मिळाला. मी स्वतःला मोठ्या मनाचा समजू लागलो. फ्रिज बाहेरच्या खोलीत होता म्हणून माझा मोठेपणा टिकला, हे कळायला पुष्कळ वर्षं गेली.

त्यांचं पुडिंग म्हणजे एक सोहळाच होता. म्हशीच्या दुधाची साय चार दिवस साठवायची. ज्या दिवशी करायचं त्या दिवशी बर्फाच्या परातीत पातेलं ठेवून ती साय साखर घालून काट्यानं फेटायची, एकाच दिशेनं. "एक फेरा जास्त झाला आप्पा, की लोणी. मग बसा पोळीला लावत." कोको, साखर, दूध आणि थोडं लोणी शिजवून चॉकलेट करायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. फळं जो मोसम असेल ती: चिकू, केळी, द्राक्षं, पुढं केशर आंबा. फळाची प्रत्येक फोड ते स्वच्छ धुतलेल्या मलमलीच्या तुकड्यानं पुसत. फळाचं पाणी सायीत उतरलं की थर सुटतो. द्राक्षं पुसताना मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. म्हणालो, "मास्तर, पावडर लावा आता." ते म्हणाले, "लावली असती. चवीला बरी लागत नाही."

बोहऱ्याच्या दुकानातून आणलेलं जाड काचेचं मोठं भांडं त्यांच्याकडे होतं. दुसऱ्या भांड्यात ते करतच नसत. थर बाहेरून दिसलेच पाहिजेत. तळाला दुधात बुडवलेली बिस्किटं, वर साय, वर फळं, वर चॉकलेट, पुन्हा साय. मला समजावं म्हणून ते साडीच्या भाषेत सांगत. "ही बिस्किटं म्हणजे ग्राउंड. फळं म्हणजे बुट्टी. चॉकलेट पल्लू. पल्लू शेवटीच दिसला पाहिजे."

प्रत्येक थर फ्रिजमध्ये अर्धा तास बसायचा. मग ते फ्रिजशेजारी फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसत. खुर्ची असायची, पण ते फरशीवर बसत आणि मी खुर्चीवर. तो अर्धा तास आम्ही बोलत असू. पहिल्या वेळी बायकोनं वरच्या खणात चिरलेला कांदा उघडाच ठेवला होता. पुडिंग तयार झालं, मास्तरांनी पहिला चमचा तोंडात घेतला, जरा थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, कांदा छान आहे." बायको इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. पुढं ती स्वतःच त्यांच्यासाठी फ्रिज पुसून ठेवू लागली. आमच्या वाट्याची वाटी ते न चुकता ठेवून जात, आणि आम्ही ती चाटूनपुसून खात असू. खाताना जात आड येत नव्हती. ती कुठं आड आली ते पुढं सांगतो.

असंच एकदा थर बसायची वाट बघताना त्यांनी भुसावळची हकिगत सांगितली. तरुणपणी ते तिथं रेल्वेच्या साहेबांच्या क्लबात वाढपी होते. तिथल्या म्हाताऱ्या गोवेकर खानसाम्यानं त्यांना हे पुडिंग शिकवलं. "जेवण झालं की साहेब लोक म्हाताऱ्याला बाहेर बोलवायचे," मास्तर सांगत होते. "तो ॲप्रन काढून, केसांवरून हात फिरवून हॉलमध्ये यायचा. सगळे त्याच्याकडे बघून चमचे वर करायचे. बस, एवढंच. पण म्हातारा चार दिवस आमच्यावर ओरडायचा नाही."

"आणि तुम्हाला बोलवायचे का?"

"मी वाढपी. मला कोण बोलवणार?" ते हसले. फ्रिज उघडून करंगळी सायीला टेकवली. "पण करणाऱ्याला एकदा तरी बाहेर बोलवावं, आप्पा. करणारा कोण ते लोकांनी बघावं. अजून नाही बसलं हे."

मी मान डोलावली. विसरलो नव्हतो, हे आज कबूल करतो. पुढं जे केलं ते हे वाक्य लक्षात असताना केलं.

माझ्या मुलीचं, सुनंदाचं, लग्न जमवायचं चाललं होतं. सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात राहणारं एक स्थळ आलं. मूळचे आमच्याच शिरपूर भागातले, आता सुरतेत साड्यांचं दुकान, मुलगा शिकलेला. स्थळ आमच्यापेक्षा वरचं होतं. कांदेपोहे सगळेच करतात. मला वाटलं, असं काहीतरी समोर ठेवावं की ती माणसं घरी जाऊन त्याबद्दलच बोलतील. मी मास्तरांकडे गेलो.

ते लगेच तयार झाले. मग म्हणाले, "असं करू आप्पा, सुनंदालाच शिकवतो. दोन रविवार पुरेत. मग तिनं केलं म्हणून सांगायला तुम्हालाही बरं."

किती सरळ सुचवलं होतं त्यांनी! पण शिकवायचं म्हणजे एक तर मास्तर आमच्या स्वयंपाकघरात येणार, नाही तर माझी मुलगी त्यांच्या घरी जाऊन चुलीशी बसणार. पाहुण्यांच्या कानावर गेलं तर? मी म्हणालो, "कशाला पोरीला त्रास? तुम्हीच करा. तुमच्या हाताची सर कुणाला येणार? आणि रविवारी तुम्हीही या चार वाजता, बसा आमच्यात." हे शेवटचं मी कशासाठी बोललो? त्यांना बरं वाटावं म्हणून, की मला? ठाऊक नाही. ते मात्र खूश झाले. इतके, की माझ्याकडं न बघता नुसतं "येतो, येतो" म्हणाले.

रविवारी सकाळी सहा थरांचं पुडिंग खालच्या खणात बसलं. आंबा-केळ्यांचा पिवळा, चॉकलेटचा काळपट, सायीचा पांढरा. काचेतून एकेक रेघ पट्टीनं आखल्यासारखी दिसत होती. चारला पाहुणे आले आणि सव्वाचारला मास्तर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. या वेळी ते खुर्चीवर बसले, फ्रिजशेजारच्या.

मुलगी पाहून झाली, प्रश्न विचारून झाले. मग बायकोनं वाट्या फिरवल्या. मुलाच्या आईनं पहिला घास घेतला आणि सुरती पद्धतीनं डोळे मोठे केले. "अरे वा! एकदम सरस! हॉटेलमधून मागवलं का?"

"नाही हो, घरचंच," बायको म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली.

"कोणी केलं?"

खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते. मास्तरही पाहत होते. त्यांचा उजवा हात केसांवरून हलकेच फिरला होता. ते मी पाहिलं.

"सुनंदानं," मी म्हणालो.

"छान हो, हाताला चव आहे पोरीच्या!" सगळे खुलले. सुनंदानं मान खाली घातली. पाहुण्यांना वाटलं, लाजली. हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी आज हे लिहायला बसलो नसतो. मुलीसाठी बाप खोटं बोलतोच, आणि मास्तरांनी स्वतःच तो मार्ग सुचवला होता. पण मुलाच्या मामांनी चमचा चाटत खुर्चीकडे बोट केलं. "यांची ओळख नाही करून दिली तुम्ही. हे कोणते?"

हे 'कोणते' कशासाठी विचारतात ते तुम्ही-आम्ही सगळे जाणतो. आधी आडनाव, मग गाव, मग बाकीचं. मास्तरांचं आडनाव ऐकलं असतं तर मामांना पुढचं विचारायची गरज उरली नसती.

"हे आमच्या मिलमधले," मी म्हणालो. "फ्रिज बघायला आलेत. जरा कमी गार करतोय."

मग मास्तर उठले. सावकाश फ्रिजचं दार उघडलं, वाकले, रिकाम्या झालेल्या खालच्या खणात हात घालून थोडा वेळ तसेच राहिले. "गार होतोय, आप्पा," ते म्हणाले. "काही बिघाड नाही." दार आवाज न होऊ देता लावलं, पाहुण्यांना हात जोडले, चपला घातल्या आणि गेले.

बायकोनं त्यांच्यासाठी वाटी भरून ठेवली होती. ती मामांनी खाल्ली.

स्थळ जमलं. सोमवारी मिलमध्ये मास्तर मला भेटले आणि त्यांनी एकच विचारलं, "केळी काळी पडली नव्हती ना?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि टेबलाकडे वळले. त्यांनी शिवी दिली असती, बोलणं तोडलं असतं, तर माझं काम सोपं झालं असतं. ते पूर्वीसारखेच बोलत राहिले. फक्त खण पुन्हा मागितला नाही. आमच्या घरात कुणी ठरवलं नव्हतं, पण खालच्या खणात बरेच दिवस कुणी काही ठेवलं नाही.

काचेचं भांडं आमच्याकडेच राहिलं होतं. ते परत द्यायला जायचा मला धीर होईना. मी सुनंदाला पाठवलं. ती दोन तासांनी आली.

"एवढा वेळ?"

"शिकत होते," ती म्हणाली. "साखरपुड्याला सासूबाईंनी माझ्या हातचं करायला सांगितलंय. मग काय करू, पळून जाऊ?"

तीन रविवार ती त्यांच्या घरी गेली. त्यांच्याकडे फ्रिज नव्हता; मास्तरांनी बर्फ, मीठ आणि बादली घेऊन तिला थर बसवायला शिकवलं. मी एकदा विचारलं, "काही म्हणाले का?"

"कशाबद्दल?"

मग तीच म्हणाली, "काही नाही म्हणाले. फळं नीट पुसत नाहीस म्हणाले. आणि आप्पा, काकूंनी मला पाटावर बसवलं, जेवू घातलं. मी तिकडं सासरी काय सांगायचं? कोणी शिकवलं म्हणून?"

"काही सांगू नकोस," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. त्यानंतर या विषयावर आम्ही बापलेक बोललो नाही. सासरी ती अजून ते पुडिंग करते, आणि विहीणबाई अजून नव्या पाहुण्यांना सांगतात की आमच्या सुनेनं पहिल्याच भेटीत आम्हाला जिंकलं. हे लिखाण त्यांच्याकडे जाईल. वाचू देत.

त्याच वर्षी, पावसाळा संपता संपता, सुरतेत प्लेग आला. ज्याला जसं जमेल तसा तो शहर सोडून निघाला. मास्तर बायकामुलांना घेऊन भुसावळच्या गाडीत चढले. आम्ही गावी गेलो. काही आठवड्यांनी माणसं परत आली, मिल सुरू झाली, त्यांच्या टेबलावर दुसरा माणूस आला. मास्तर आले नाहीत. तिकडेच कुणा ठेकेदाराकडे लागले, असं कळलं. सुनंदाच्या लग्नाची पत्रिका मी त्यांच्या नावानं लिहिली होती. ती टाकली नाही.

चार वर्षांनी नात्यातल्या एका लग्नासाठी मी भुसावळला गेलो. या वेळी ठरवून गेलो होतो. मिलमधल्या एका जुन्या प्रिंटरकडून पत्ता घेतला होता, आणि काय बोलायचं तेही गाडीत पाठ केलं होतं. रेल्वे लायनीपलीकडे दोन खोल्यांचं घर. दार मास्तरांच्या पत्नीनं उघडलं. मी नाव सांगितलं तशी त्या बाई एकदम गहिवरल्या. मास्तर मागच्या थंडीत गेले होते. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं.

मी बसलो. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवला. त्या बाईही आता हयात नाहीत, म्हणून पुढचं लिहितो.

"तुमचं नाव रोज निघायचं बघा या घरात," त्या म्हणाल्या. "सुरतेचं काही त्यांना आवडायचं नाही. पण तुमच्या घरचा तो रविवार मात्र किती वेळा सांगायचे! पाहुणे आले होते, सगळे पुडिंग खात होते, आणि कोणी केलं म्हणून विचारल्यावर तुम्ही उभं राहून चार माणसांत त्यांना पुढं केलंत. सगळ्यांनी चमचे वर केले म्हणे."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, पोट भरलंय. मी म्हटलं, एवढं काय खाल्लं? तर नुसते हसले." त्यांनी डोळे पुसले. "आपल्या माणसांचं नाव कोण घेतं हो असं? तुम्ही घेतलंत. मी नेहमी म्हणायची, आप्पा आले तर त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. सांगा ना, काय म्हणाला होतात तुम्ही?"

गाडीत पाठ केलेलं सगळं मला आठवत होतं. ते बोललो असतो तर माझं ओझं त्या घरात उतरलं असतं, आणि मास्तर बायकोशी खोटं बोललेले ठरले असते. नाही बोललो, तर मी पुन्हा तोच. त्या बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"मी म्हणालो," मी सांगितलं, "की हे आमच्या मास्तरांनी केलंय. हे बघा, हे बसलेत ते. माझे मित्र आहेत."

"असंच म्हणालात? मित्र?"

"हो."

त्या उठल्या, आतल्या दाराशी गेल्या आणि सुनेला हाक मारली. सून पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि भिंतीशी उभी राहिली.

"पुन्हा एकदा सांगा आप्पा," त्या म्हणाल्या. "हिला ऐकू द्या."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि पुन्हा सांगितलं.